परीक्षेपुरती मेंदी

शिरगाव, बदलापूर
९ जुलै १९८८

ती. कुमुदआत्यास,
वृंदाचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पायाचं प्लास्टर निघेपर्यंत तू अंबरनाथहून हलणार नाहीस आणि नव्या घराचा पसारा मला सोडवत नाही. म्हणून एका स्टेशनासाठी पोस्टमनला पळवते आहे. मागच्या अंगणाला कुंपण हवंय. शेजारच्या इंदुबाईंच्या शेळ्या तारेतून शिरून माझं अळू फस्त करतात. त्या स्वतःच म्हणतात, शेराचं झाड लावा, ढोर तोंड लावत नाय. आमची मधू मात्र मेंदीसाठी हटून बसली आहे. मार्गशीर्षात तिचं लग्न, आणि हात घरच्या पाल्यानंच रंगवायचेत! ह्यांनी उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून चाळीस रोपं आणली. सिंधी रोपवाला म्हणाला, साईं, असली मेंदी आहे. मला शंका आहे. पान सोबत पाठवते. तीस वर्षं शाळेत झाडं शिकवलीस, ओळख बघू.

आणि हे काय ऐकते? मेंदीच्या दिवशी तू मागच्या खोलीत बसणार म्हणे. आतोबांना जाऊन एकवीस वर्षं झाली, आत्या. मधू रडली. तू पुढे बसल्याशिवाय ती हात पुढे करणार नाही.

तुझी,
वृंदा

अंबरनाथ (प.)
१३ जुलै १९८८

चि. सौ. वृंदास अनेक उत्तम आशीर्वाद.

पोस्टाच्या शिक्क्याखाली पानाची चटणी झाली होती, तरी ओळख पटली. जाडसर, तुकतुकीत, चुरगाळलं की कडवट वास. ही मेंदी नव्हे, कुंपणाला लावतात ती कोयनेल. रोपवाल्यावर रागावू नकोस, कातरून सरळ होतं ते सगळं त्याच्या लेखी मेंदीच. मात्र हिनं हात रंगवलेत तर मधू हिरव्या हातांनी बोहल्यावर उभी राहील! फेकू नका, शेळ्या हिला शिवत नाहीत. शेर अजिबात नको, त्याचा चीक डोळ्यांत गेला तर आफत.

अर्थात नुसतं पान पाहून मी नाव सांगते आहे. परीक्षा केल्याशिवाय नाव सांगू नये, हा माझाच नियम.

मधूला म्हणावं, हट्ट नको. मागे बसायची मला सवय आहे, त्याचं दुःख नाही.

तुझी,
आत्या

शिरगाव
१८ जुलै १९८८

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

कोयनेल लावली. ह्यांनी सुतळी धरून रांग आखली, तरी ती वाकडीच आली. मेंदीचं ऐकून इंदुबाई खूप हसल्या. त्यांच्या विहिरीपाशी सासूनं लावलेली मेंदी आहे, हव्या तेवढ्या फांद्या न्या म्हणाल्या. पण ती तरी खरी कशावरून? मूठभर पाला पाठवते. नुसतं बघून नाव सांगू नकोस हं, नियम तुझाच आहे.

तुझी,
वृंदा

अंबरनाथ (प.)
२३ जुलै १९८८

चि. सौ. वृंदास अनेक आशीर्वाद.

पाला वाटला, लिंबू पिळलं आणि डाव्या तळहातावर रुपयाएवढा ठिपका दिला. केवळ परीक्षेपुरता. धुतला तेव्हा केशरी होता, सकाळी पाहते तर लालभडक! कामाला येणाऱ्या वेणूनं चहाचा कप देताना पाहिलं. मी हात पदराखाली घेतला. ती म्हणाली, रंग झ्याक चढलाय, लपवताय कशाला? मग मी तो बाहेर काढला. वृंदे, मला इतका आनंद झाला की कालपासून दहा वेळा मूठ उघडून बघितली.

तेव्हा निकाल असा, मेंदी अस्सल. कोयनेलच्या आतल्या बाजूला, दीड-दीड फुटावर फांद्या लाव. आणि ही परीक्षा तुझ्या हातावरही झाली असती, हे न कळण्याइतकी मी म्हातारी झालेली नाही. लबाड कुठली!

लोभ आहेच, पाला तेवढा राखून ठेवावा. उजवा हात पत्र लिहायला कोरा ठेवला आहे. तो पुढच्या खोलीत बसून मधूकडून रंगवून घेईन.

तुझी,
आत्या