उंदराची मादी आणि आपली धाकटी

१२ मार्च

ती. दादा,

नमस्कार. वहिनीचा गुडघा कसा आहे? शेक घेते का? इकडे बरं चाललंय. प्रयोगशाळेत नवे पिंजरे आले, त्यामुळे आठवडाभर नुसती हलवाहलव होती. धाकटी माझ्याकडेच आहे. आज थोडं जेवली.

फोनवर बोलणार होते, पण तुझा आवाज ऐकला की मी ओरडेन आणि तू 'आधी डोकं शांत कर' म्हणून ठेवून देशील. पत्राचं तसं करता येत नाही. पूर्ण वाच.

हिवाळ्यात तू मुद्दाम फोन करून विचारलंस, "तुझ्या त्या उंदरांचं काय चाललंय गं?" इतकं बरं वाटलं मला! आपल्या घरात माझ्या कामाला 'उंदरं सांभाळते' याच्यापुढे कुणी गेलं नव्हतं. मी हरखून सांगत बसले. मादीचे अंडाशय काढले की ती नराला जवळ येऊ देत नाही, लाथा मारते, चावते. मग तिला इस्ट्रोजेन द्यायचं, नंतर प्रोजेस्टेरॉन. मेंदूच्या तळाशी चिमूटभर पेशी असतात, त्यांच्यावर हार्मोनचा असर झाला की तीच मादी नराचा स्पर्श होताच पाठ वाकवून स्थिर उभी राहते. "म्हणजे औषध दिलं की तयार?" तू विचारलंस. "उंदरांत, हो. पण त्यातसुद्धा..." एवढं मी म्हणेपर्यंत तुझं गिऱ्हाईक आलं.

ते 'पण' आता ऐक. लहान पिंजऱ्यात मादीला पळायला जागाच नसते. बघणाऱ्याला वाटतं, औषध दिलं, काम झालं. म्हणून आम्ही मोठा पिंजरा घेतो, मध्ये आडभिंत घालतो आणि त्या भिंतीत बारीक भोकं ठेवतो. नर अंगाने मोठा, तो अलीकडेच अडकतो. मादी जाते-येते. हार्मोन अंगात असूनही ती मनाला येईल तेव्हा त्याच्याकडे जाते, उड्या मारते, कान थरथरवते, आणि पुरे झालं की आपल्या बाजूला निघून येते. उंदरांच्या मादीलासुद्धा एवढी मोकळीक लागते. आणि बाईचं तर तसं नसतंच. इस्ट्रोजेनच्या गोळीने कुठलीही बाई कुणाच्या मुठीत येत नाही. औषधांच्या दुकानात चौकटीत लावलेलं ते फार्मसीचं प्रमाणपत्र मिळवताना हे तुला कुणी शिकवलं नव्हतं?

धाकटी माझ्या दारात आली ती पाय ओढत. पोटरी टम्म सुजलेली, हात लावला तर चटका बसावा अशी. त्याआधी डोकेदुखी, उलट्या, मधेच रक्त जाणं, सगळं अंगावर काढलेलं. "हार्मोनच्या गोळ्या घेता का?" डॉक्टरबाईंनी विचारलं. ती नाही म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं! नवरा 'ताकदीची गोळी' म्हणून हातावर ठेवायचा आणि ती गिळेपर्यंत समोर उभा राहायचा. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली. ती सरकून फुप्फुसात गेली असती तर मी हे पत्र कशाबद्दल लिहीत बसले असते?

नवऱ्याच्या कपाटातून तिने त्या गोळ्यांची रिकामी पट्टी आणली होती, इस्ट्रोजेनची. चारही कोपरे गोल कातरलेले. गिऱ्हाइकाच्या बोटाला टोचू नये म्हणून आपल्या दुकानात बाबा कातरायचे, अगदी तसे. पट्टीचे कोपरे कातरून देणारं दुसरं दुकान मी तरी पाहिलेलं नाही. पट्टी मी जपून ठेवली.

तरी वाटलं, तुला ठाऊक नसेल. मग परवा जावईबापूंचा फोन आला. लाजबिज काही नाही. "ताई, तिला इच्छाच होत नाही, म्हणून दादांनी उपाय दिला. तुमचाच तर अभ्यास आहे त्यात. समजवा की तिला."

तिला इच्छा का होत नाही, हे तू विचारलंस का कधी? मी विचारलं. लग्न झाल्यापासून ती नाही म्हणते आणि तो ऐकत नाही. रडत तुझ्याकडे आली तेव्हा 'संसारात असं चालायचंच' म्हणत तूच तिला गाडीत घालून परत सोडून आलास. तिला पळायला जागा उरू दिली नाहीस, आणि वर त्याच्या हातात गोळ्या दिल्यास. सख्ख्या बहिणीला! मला शरम वाटते तुझी. माझ्या कामाचं तू जे केलंस, त्याचा वेगळा संताप आहे.

रविवारी तू आणि जावईबापू तिला न्यायला येणार आहात म्हणे. येऊ नका. मी दार उघडणार नाही.

उद्या आम्ही पोलिसांत तक्रार द्यायला जातोय. धाकटी नवऱ्याचं सगळं सांगणार आहे, पण तुझं नाव घेणार नाही म्हणते. "दादाला कळलं नसेल गं. दुकान बंद पडलं तर त्याच्या पोरांचं काय होईल?" सुजलेला पाय उशीवर ठेवून तुझी काळजी करत बसलीय. मी तिच्याशी वाद घातला नाही. तिने काय सांगावं हे तिने ठरवावं.

मी काय सांगावं हे मी ठरवलंय. पट्टी माझ्यापाशी आहे, आणि फोनवर तू जे विचारलंस ते माझ्या कानांनी ऐकलंय. ती तुझं नाव घेणार नाही. मी घेणार आहे. पत्र वाचताच वहिनीला तूच सांग, दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत.

आधी तिची, मग तुझी बहीण,
मधली