दोन जीबीत मावलेल्या मुली

९ फेब्रुवारी, सोमवार
संगणक पुन्हा थिजला. गोल फिरतंय, फिरतंय, पुढे काही नाही.
वस्तीतल्या अभ्यासिकेची जागा गोदामाला द्यायचं चाललंय. शुक्रवारी पालिकेत साहेबांपुढे सुनावणी. मुलींना त्याच दिवशी बारावीचा पेपर. म्हणून त्यांचं म्हणणं मोबाइलवर घेतलंय. सगळे आवाज जोडून साहेबांना ऐकवायचे. अर्ज फायलीत मिटतो. आवाज मिटवून दाखवा म्हणावं!
हे म्हणाले, "नवा घेऊ की." नाही. चालती वस्तू म्हातारी झाली म्हणून फेकायची, हा बाजाराचा धर्म. माझा नाही. (इथेही भाषण.)

१० फेब्रु., मंगळ.
अर्धं जोडलेलं गेलं. सेव्ह केलं नव्हतं. टेबलावर हात आपटला, यांचा चहा सांडला.
"सभेत आपट की हात. हितं कशाला?"
मग हे शेजारी बसले. टास्क मॅनेजर उघडला. मेमरी काठोकाठ. आहेच मुळी दोन जीबी. भाषण लिहिताना मी सगळी पुस्तकं टेबलावर उघडी पसरते, एकही मिटत नाही. इथेही तेच. सगळ्या मुलींचे आवाज, जुनी भाषणं, बातम्यांची पानं... खिडकी खाली ढकलली की बंद झाली, असं समजत होते.
"अगं, एवढ्या जणांचं एकदम ऐकायला लावतीस व्हय त्येला?"

११, बुध.
एक मुलगी उघडायची, कापायची, सेव्ह, बंद. मगच दुसरी.
यांनी दोन अँटिव्हायरस टाकलेले. "एक झोपला तर दुसरा जागा." दोघे एकमेकांवरच पहारा करत होते. एक काढला. आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅमही बंद. चाललं! उड्या मारायच्या बाकी.
लक्ष्मी, विणकराची पोर: "घरात माग चालू असतोय टीचर. हितं आलं की माझं वाचलेलं मला ऐकू येतंय."

१२, गुरु.
सगळं जोडून झालं. पेनड्राइव्हवर घेतलं.
दुपारी पालिकेतून फोन. प्रत्येकाला पाचच मिनिटं. मुलींचे आवाजच तेवढे. माझं भाषण तयार, नुसता जाळ आहे. दोन्ही बसत नाही.
"तू बोललीस तर टाळ्या पडतील," हे म्हणाले. आणि पेनड्राइव्ह माझ्या पिशवीत ठेवला.

१३, शुक्र.
नाव सांगितलं, आवाज लावले, खाली बसले. गप्प बसायला एवढी ताकद लागते, माहीत नव्हतं. साहेब मोबाइलात. लक्ष्मी बोलली तेव्हा मान वर.
"ती मागवाली मुलगी परत लावा."
लावली. निर्णय नंतर कळवू म्हणाले. चेहऱ्यावरून काही... नाही सांगता येत. पण परत लावा म्हणाले!
बाहेर हे म्हणाले, "लई चांगली गप्प बसलीस."
संध्याकाळी अभ्यासिकेत. पेपर देऊन आलेल्या मुली पुढच्या पेपरचं वाचत होत्या. लक्ष्मीला सांगितलं, तुझं दोनदा ऐकलं.
"मग?"
थांब म्हटलं, वाच तोवर.