चारीवर आपोआप वळणारी चाकं

अण्णा, मागच्या आठवड्यात तुमचा धाकटा लेक माझ्या दुकानात आला आणि म्हणाला, "ताई, जीप उंच करायची हाय. सामान तूच निवडून दे." तुम्ही असता तर तुम्हाला ठसका लागला असता. तुमच्या मुलीला कुणीतरी स्टेअरिंगचं सामान निवडायला सांगतंय, आणि तेही तुमच्याच घरातलं माणूस. तुम्ही गेल्यापासून मी तुमच्याशी बोललेली नाही. वर्षश्राद्धाला तुमच्या फोटोपुढे ताट ठेवलं तेव्हाही सगळे हात जोडून काहीबाही पुटपुटत होते आणि मी गप्प उभी होते. आज या कागदावर बोलते, कारण आता तुम्हाला मध्येच मला गप्प बसवता येणार नाही.

माझं दुकान म्हटलं की तुम्ही लगेच दुरुस्ती करायचात, "जावयाचं दुकान". असू द्या. जालन्यात गाड्यांच्या सामानाची एवढी दुकानं आहेत, पण जीपवाले आमच्याकडेच येतात. आत येऊन आधी विचारतात, "शेटजी कुठं हायेत?" मी म्हणते, जेवायला गेलेत, काय पाहिजे ते बोला. हल्ली पोरांना जीप उंच करायचं वेड लागलंय. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात गाड्या घालायच्या शर्यती लावतात आणि मोबाईलवर बघून सामान मागतात. मोठे टायर, स्प्रिंगचे उंच पाटे, लाल शॉकअप. रंग आधी सांगतात, गाडी कोणती ते नंतर. मी विचारते, गाडी वर घेणार ते ठीक, पण स्टेअरिंगच्या दांडीचं काय करणार? पोरं म्हणतात, कसली दांडी? त्यांचा मला राग येत नाही. त्यांना कोण सांगणार होतं? वडीगोद्रीच्या रस्त्यावरचा सगळ्यात नावाजलेला मिस्त्री, म्हणजे तुम्हीसुद्धा, त्या दांडीला कधी हात लावत नव्हतात.

आपलं गॅरेज पुढे आणि घर मागे होतं. स्वयंपाकघराची खिडकी गॅरेजच्या अंगणात उघडायची आणि फाटकासमोरून कालव्याची उंच बांधाची चारी जायची. आत येणारी प्रत्येक जीप त्या चारीवर चढून, आदळून आत यायची. जाफराबादपासूनचे, जीपमधून प्रवासी नेणारे वडापवाले तुमच्याकडे यायचे, कारण तुमच्या हातची जीप चिखलात बसत नाही असं सगळे म्हणायचे. तुमची पद्धत मला पाठ आहे. एक पाटा जास्तीचा घालायचा, पाटे टांगायच्या पट्ट्या लांब करायच्या, जीप चार बोटं वर उचलायची. मग गिऱ्हाइकाला शेजारी बसवून मोठ्या रस्त्यावर न्यायची आणि चालत्या गाडीचं स्टेअरिंग सोडून द्यायचं. जीप सरळ गेली की परत येऊन बॉनेटपुढे नारळ फोडायचा. नारळ फुटला म्हणजे काम पास. आपल्या रस्त्यावरची सगळीच गॅरेजं असं करायची. शेतातल्या खड्ड्यांसाठी उंच केलेली जीप डांबरी रस्त्यावर तपासायची आणि खोबरं वाटायचं. त्यात काही चुकतंय असं कुणालाच वाटलं नाही, कारण खोबरं खाताना कोण विचार करतो!

धाकट्यासाठी तुम्ही जीप केली तेव्हा हौसेनं एकाऐवजी दोन पाटे वाढवले. मी तेव्हा अंबडला कॉलेजला जायचे आणि आल्यावर भाकरी थापायला बसायचे. खिडकीतून बघते तर तो जीप आत घेतोय, दोन्ही हात स्टेअरिंगवर घट्ट, आणि चारीवर चढताक्षणी पुढची चाकं आपोआप अंगणातल्या नळाकडे वळतायत. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी पिठाच्या हातानं बाहेर आले, खाली वाकून बघितलं. गाडी वर गेली होती, पण स्टेअरिंगकडून चाकाकडे जाणारी दांडी एक टोक वर, एक टोक खाली अशी पार तिरपी झाली होती. चाक उचललं गेलं की ती दांडीच त्याला ढकलत होती. मी म्हटलं, "अण्णा, चारीवर चाकं आपोआप वळून राह्यलीत. दांडी लई तिरपी झाली. तिला वर धरणारा आर्म बदलावा लागंल." चार-पाच गिऱ्हाइकं उभी होती. तुम्ही त्यांच्याकडे बघून हसलात. "खिडकीतून एवढं दिसतं व्हय? मंग उद्यापून म्या भाकरी थापतो, तू पाने घेऊन ये." सगळे हसले. धाकटाही हसला. ते गेल्यावर तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "गिऱ्हाइकापुढं पुन्यांदा तोंड उघडू न्हको." आणि पुढच्या बाजाराला तुम्ही माझ्यासाठी शिलाई मशीन आणलं. आई हरखली. मी त्यावर तुमच्या गॅरेजची फडकी शिवली, दुसरं काही शिवलं नाही.

त्याच पावसाळ्यात धाकटा जीप घेऊन ओढ्याच्या उतारावर गेला. पुढचं चाक खड्ड्यात आदळलं, जीप बाजूला ओढली गेली आणि कलंडली. पाय खाली सापडला. गुडघा अजून वळत नाही, जेवायला बसतो तेव्हा डावा पाय पुढे पसरून बसतो, तुम्ही बघितलंच आहे. दवाखान्याच्या व्हरांड्यात जो भेटेल त्याला तुम्ही सांगत होतात, "पोराचा स्टेअरिंगवरला हात सुटला. म्या गाडी बराबर दिल्ती." लग्नांत सांगितलं, मयतीला सांगितलं, गॅरेजमध्ये तर रोजच. जीप भंगारात घालून टाकलीत, कुणी बघायच्या आत. मी आईजवळ बोलले तर ती म्हणाली, बापाचं नाव बुडवती का? गावात त्याला हात सुटलेला म्हणू लागले. त्याच्यासाठी मुली बघायला जायचे तेव्हा ती गोष्ट आधी पोचलेली असायची. आणि तो मान खाली घालून म्हणायचा, हो, माझीच चूक. हे ऐकताना मला तुमचा इतका राग यायचा की मी ताट सोडून उठायचे.

तर तो आला. कुठूनतरी जुनी जीप घेतलीय, शेतात न्यायचीय, जमलं तर एखाद्या शर्यतीत घालायचीय. मोबाईलवर त्यानं लाल रंगाचा एक सेट दाखवला, खूप उंचीचा. मी म्हटलं, रंग ठेव बाजूला. एवढी उंची लागत नाही. जुन्या पाट्यांत नवा पाटा कोंबायचा नाही, पुढचे-मागचे पाटे एका जोडाचे घे. पाट्याखाली पाचर बसव, म्हणजे वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येईल. ब्रेकचे पाइप लांब घे. स्टेअरिंगचा डॅम्पर सगळ्यात शेवटी, तोही वाटला तर, कारण तो हिसका लपवतो, घालवत नाही. मग मी काउंटरवर दोन आर्म ठेवले, एक जुन्या धाटणीचा सरळ आणि एक खाली वाकवलेला. पट्टी घेतली आणि दाखवलं, गाडी वर गेली की सरळ आर्मानं दांडी कशी तिरपी होते आणि वाकवलेल्यानं कशी आडवी राहते. दाखवताना माझा जीव टांगणीला लागला होता. त्याला हे समजलं तर तेव्हा चूक कुणाची होती तेही समजणार. गप्प बसावं तर त्यानं मरेपर्यंत ते ओझं वाहायचं, आणि बोलावं तर त्याचा बाप त्याच्याकडून काढून घ्यायचा. तो अजून रोज तुमच्या फोटोला हार घालतो, अण्णा.

मी बोलले. म्हटलं, "त्या येळी हे लावलं असतं तर तुझा पाय शाबूत राह्यला असता. तुझा हात सुटला नव्हता."

त्यानं वाकवलेला आर्म उचलून हातात फिरवला. मग म्हणाला, "मला ठाव हाय, ताई."

"कसं?"

"अण्णांनीच सांगितल्तं. दवाखान्यात, पायाला प्लास्टर व्हतं तव्हा. लई रडले. म्हणले, ताईचं बराबर व्हतं, दांडीनंच घात केला. पण हे बाहेर बोलू न्हको, गॅरेज बसंल. आन तिला तर बिलकुल सांगू न्हको."

"मला का न्हाई?"

"म्या बी इचारलं. म्हणले, तिच्यापुढं मान वर करून बसता येणार न्हाई."

म्हणजे तुम्हाला येत होतं बोलता. लेकापुढे रडता येत होतं, चूक कबूल करता येत होती. त्यानंतर किती वेळा आलात माझ्याकडे! दुकानात खुर्चीवर बसायचात, मी केलेला चहा प्यायचात, आणि जीपची गोष्ट निघाली की जावयाला विचारायचात, "तुमचं काय मत?" ते बिचारे माझ्याकडे बघायचे आणि मी बोलायचे तेव्हा तुम्ही रस्त्याकडे तोंड करून बसायचात. मला वाटायचं, तुम्हाला पटत नाही. तुम्हाला तर दवाखान्यापासूनच पटलेलं होतं. मान वर ठेवायची म्हणून पोराचा पाय आणि अब्रू दोन्ही खर्ची घातलीत, आणि मला एका वाक्याला मुकवलंत. तुम्हाला मी माफ केलेलं नाही. करीन असंही वाटत नाही.

हा कागद पाठवायचा कुठे, म्हणून फाडून टाकणार आहे. पण त्याआधी एक सांगते. ते ऐकल्यावर मी संतापून उठायला हवं होतं, त्यालाही चार शब्द सुनावायला हवे होते, इतकी वर्षं तोंड शिवून बसला म्हणून. मी तसलं काही केलं नाही. मी म्हटलं, "अण्णा नेमकं कसं म्हणले, पुन्हा सांग." तो म्हणाला, "ताईचं बराबर व्हतं." काउंटरवर एक गिऱ्हाईक शॉकअप घेऊन ताटकळत होतं. त्याला मी म्हटलं, जरा थांबा. आणि भावाला म्हटलं, "अजून एकदा सांग."