शुभेच्छुक: समस्त ग्रामस्थ

करावे, नवी मुंबई
१२ ऑगस्ट २०२४

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मेसेज तू वाचत नाहीस, म्हणून पत्र. लाल पेनानं तपासून परत पाठवू नकोस. तू शाळेतून निवृत्त झाली आहेस.

व्हिसाची मुलाखत झाली. काम काय, असं वकिलातीतल्या बाईंनी विचारलं. खाऱ्या पाण्यातले पुलाचे खांब आतून गंजलेत का, ते तपासते, असं मी सांगितलं. अमेरिकेतल्या कंपनीचं पत्र दाखवलं. बाई हसून बोलल्या. मग पासपोर्ट ठेवून घेतला आणि एक रंगीत चिठ्ठी दिली. अजून तपासणी बाकी आहे. किती दिवस लागतील, ते सांगता येत नाही.

एक ऑक्टोबरला तिकडे रुजू व्हायचं आहे. इथली बेलापूरची नोकरी मी जूनमध्येच सोडली.

दुसरी बातमी याहून वाईट. बाबांनी नाक्यावर फ्लेक्स लावला आहे. करावे गावची शान, निशिगंधा अमेरिकेला रवाना होत असल्याबद्दल हार्दिक अभिनंदन, शुभेच्छुक समस्त ग्रामस्थ. खाली ग्रामस्थांचे चेहरे. बाबांचा माझ्याहून मोठा.

व्हिसा अजून नाही, असं मी म्हटलं. ते म्हणाले, व्हिसाच्या सोडतीत नाव लागलं ना, मग झालं. घराच्या सोडतीत नाव लागलं की घर आपलं, चावी मागाहून येते. ही सोडत म्हणजे फक्त अर्ज करायची परवानगी, हे मी दोनदा सांगितलं. बाबा फ्लेक्सला हार कुठे बांधायचा, ते बघत होते.

तुझा आशीर्वाद आहेच. तो वकिलातीपर्यंत जाऊ दे.

तुझी,
निशिगंधा

करंजा, उरण
२० ऑगस्ट २०२४

चि. निशिगंधा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. लाल पेन काढलं नाही. दोन चुका होत्या.

तुझा बाप पंढरी पहिल्यापासून तसाच. माझी शिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखत झाली, त्याच संध्याकाळी त्यानं गावभर पेढे वाटले. नेमणूक पुढच्या वर्षी आली. तोवर सगळे मला बाई म्हणून हाक मारायचे. मानानं की चेष्टेनं, ते कळायचं नाही. मी हातात झाडू घेऊन अंगणात जायची आणि खाली मान घालून झाडत राहायची. आमचं अंगण त्या वर्षी फार स्वच्छ होतं.

तू झाडत बसू नकोस. कंपनीला स्पष्ट लिही आणि मुदत माग.

काल नारळी पौर्णिमेला घरची होडी पुजली असेल. पंढरीनं माझ्या नावाचा नारळ सोडला का, ते विचारून कळव. विसरला असेल तर खोटं सांगेल, तेही कळव.

काळजी मी करते, तू जेवत जा.

तुझी आत्या,
गोजरा

करावे
२९ सप्टेंबर २०२४

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

नारळ सोडला, असं बाबा म्हणाले. फार पटकन म्हणाले.

कंपनीनं दिवाळीपर्यंत मुदत दिली. वकिलातीच्या साइटवर रोज तीच ओळ असते, तपासणी सुरू आहे. फोन केला तर साइट बघा म्हणतात.

गणपतीत घरी आलेल्या प्रत्येकानं तारीख विचारली. राजाबाई फ्लेक्सखालीच मासळी घेऊन बसते. गिऱ्हाइकाला आधी माझा फोटो दाखवते, मग कोळंबी. मला बघून ओरडते, गेली नाय अजून? परवा तिनं सुकटीचा पुडा दिला, तिकडं मिळनार नाय म्हणाली. मी इथेच तो भाजून खाल्ला. आता मागच्या गल्लीनं जाते.

काल बाबांशी भांडले. ही शान तुमची आहे, तोंड माझं आहे, असं मी म्हणाले. आज सकाळी बघते तर त्यांनी फ्लेक्स उतरवला होता. होडीवरची ताडपत्री फाटली आहे, तिच्या जागी तो घातला. आता माझ्याकडे फक्त बगळे बघतात.

रागावू नकोस. रागावलीस तरी लिही.

तुझी,
निशिगंधा

करंजा
६ ऑक्टोबर २०२४

चि. निशिगंधा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तोंड तुझं आहे हे खरं. पण पंढरीनं त्याच्या आयुष्यात दुसऱ्या कशाचा फ्लेक्स लावलेला नाही, एवढं ध्यानात ठेव.

बेलापूरच्या जुन्या साहेबांना भेटून ये. त्यात कमीपणा नाही. मी वर्षभर अंगण झाडलं, त्यापेक्षा ते बरं.

दिवाळीला ये. करंज्या करीन आणि काही विचारणार नाही.

तुझी आत्या,
गोजरा

करावे
२४ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू दिवाळीत खरंच काही विचारलं नाहीस, म्हणून आता सांगते. मी येण्याआधीच कंपनीचं पत्र आलं होतं. पुलाचं काम थांबू शकत नाही, माझी जागा दुसऱ्याला दिली. मी कोणालाच सांगितलं नाही.

काल पासपोर्ट आला. आत व्हिसा आहे. पानभर, माझ्या फोटोसह, तीन वर्षांचा. ज्या कंपनीसाठी दिला, तिचं नावही छापलेलं आहे. त्या कंपनीत आता माझं कोणी नाही.

पाकीट बाबांनीच घेतलं. पान बघितलं आणि ते थेट खाडीवर गेले. मी मागोमाग गेले, तोवर त्यांनी होडीवरचा फ्लेक्स सोडवून, धुऊन वाळत घातला होता आणि नाक्यासाठी दोरी मोजत होते. तेव्हा मी सगळं सांगितलं.

चावी आली आणि घर दुसऱ्याला दिलं, असं कसं, असं त्यांनी विचारलं. मोजलेली दोरी त्यांनी परत गुंडाळली. मग आम्ही दोघांनी फ्लेक्स परत होडीवर ओढला. या खेपेला त्यांनी तो उलटा घातला, चेहऱ्याची बाजू आत. लाज वाटते का, असं मी विचारलं.

ते म्हणाले की उन्हानं रंग उडतो, परत लावायचाय.

उद्या सोमवारी बेलापूरला जुन्या साहेबांकडे जाते आहे. इतका लोभ केलास, अजून थोडा लागेल.

तुझी,
निशिगंधा