तेवीस वह्यांतला एक सूर

लॅम्बेथ, लंडन
सोमवार, १८ ऑक्टोबर १९०९
सकाळचे सात वाजून वीस मिनिटे. टाकाची निबे गरम पाण्यात धुऊन, पुसून, आकाराप्रमाणे डबीत लावत होतो.

प्रिय केझीताई,

तू आणि बाबा खुशाल असाल अशी आशा करतो. हेरिंग मासळीचा हंगाम भरात आहे, म्हणजे मासे चिरताना तुझ्या दहाही बोटांना चिंध्या बांधलेल्या असणार. मिठाने चिरा पडल्या असतील तर रात्री मेणचट लोकर गुंडाळून नीज. बाबांचा गुडघा या ओल्या हवेत दुखत असेल. माझे बरे आहे, पोट सोडून. घरमालकीण मिसेस डॅगेट म्हणते की पोटाचा काही दोष नाही, मी घास मोजून चावतो त्याने ते बिचकते.

हे पत्र आधी तू एकटी वाच. बाबांना वाचून दाखवायचे की नाही ते पुढे सांगतो. मध्येच त्यांनी "काय म्हणतोय पोरगा?" असे विचारले तर हवेबद्दल सांग. इथे धुके आहे.

माझ्यासमोर टेबलावर प्रकाशकाच्या कचेरीतून आलेला एक कागद आहे. त्यात लिहिले आहे की मी, रूबेन थर्टल, नकलनवीस, याने श्री. ऑब्री थर्लस्टन यांच्या नव्या रचनेच्या वादकांसाठी वह्या उतरवताना निष्काळजीपणाने तेवीस ठिकाणी एकच चूक केली. तिच्याशी रचनाकाराचा संबंध नाही. मी दिलगीर आहे. खाली सहीची रेघ. आज दुपारी बारापर्यंत सही करून पाठवायचा, म्हणजे तो दोन वर्तमानपत्रांत छापून येईल आणि माझी नोकरी राहील. नाही पाठवला तर लंडनमधला कोणताही प्रकाशक मला एक ओळसुद्धा उतरवायला देणार नाही.

कागद मी अकरा वेळा वाचला. स्पेलिंगच्या दोन चुका होत्या, त्या पेन्सिलने दुरुस्त केल्या. सही केलेली नाही.

तुला सगळे नीट कळावे म्हणून क्रमाने लिहितो. बाबांना थर्लस्टनसाहेब म्हणजे वही घेऊन गुत्त्यात बसणारा कुणी रिकामटेकडा श्रीमंत वाटतो. तसे नाही, ताई. हा माणूस दिवसाला दहा तास राबतो. वडिलांची मँचेस्टरला सुताची गिरणी. त्यांनी मुलाला हिशेब शिकायला जर्मनीत पाठवले आणि तो लाइपझिगला जाऊन संगीत शिकला. बारा वर्षे त्याने जर्मन लोकांसारखेच लिहिले. जाड, गोड, वर मलई. माझ्याकडे त्या जुन्या वह्या आहेत. त्या उतरवताना मला दर वेळी भूक मेल्यासारखे होते. मग एके दिवशी एका पडक्या चर्चमध्ये तीनशे वर्षांपूर्वीची इंग्रज भजने त्यांनी ऐकली, त्यानंतर कुठल्याशा शेतात गवत कापणाऱ्याचे गाणे ऐकले, आणि आपण इतकी वर्षे दुसऱ्याचा कोट घालून फिरत होतो असे त्यांना वाटले. तेव्हापासून ते सायकलवरून गावोगाव हिंडून गाणी टिपतात. असे करत ते आपल्या थर्नेस गावी आले. हे सगळे खरे आहे आणि त्यांचे संगीत खरोखर चांगले आहे. ते मला आवडते. हे आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढचे मी रागाने लिहिले असे तुला वाटणार नाही.

त्या वेळी साहेब तीन शनिवार आपल्या 'थ्री हेरिंग्ज' गुत्त्यात बसले होते ते तुला आठवत असेल. बाबांनी होड्या मोजणाऱ्या बायकांचे गाणे म्हटले. साहेबांनी वही काढताच बाबा म्हणाले, "ऐकायला कितीदाही या. घरी न्यायला मिळणार नाही." मग साहेब नेहमी बाबांच्या शेजारी असणाऱ्या एब्नरकाकांना बिअर पाजत बसले. एब्नरकाका बिअर प्यायले आणि त्यांनी एका घोड्याची गोष्ट सांगितली. एवढेच.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी शाळेत मिस पेगने साहेबांनी छापलेले ते गाणे पियानोवर वाजवले, तेव्हा मी बाबांच्या शेजारीच होतो. दुसऱ्या ओळीच्या टोकाला, जिथे एक होडी कमी भरते, तिथे बाबांचा सूर अर्धस्वर खाली उतरतो आणि बाबा तिथे थांबतात. छापील गाण्यात तो सूर वर होता. बाबांनी काठी जमिनीवर टेकवली. "हा एब्नरचा सूर आहे," ते म्हणाले. "चाळीस वर्षं झाली, मेल्याला तिथं उतरता येत नाही."

खरेच होते ते. एब्नरकाकांनी बाबांचे गाणे लोकांत कधी म्हटले नाही, पण जाळी दुरुस्त करताना गुणगुणले की ते तिथे वरच जात आणि बाबा हसत. तो गुन्हेगाराचा ठसा झाला. पुढच्या शनिवारपासून बाबा खिडकीपाशी बसू लागले, एब्नरकाका दाराशी, आणि गुत्त्यात बाबांनी पुन्हा तोंड उघडले नाही. तू मला लिहिले होतेस की एब्नरकाका एकदा आपल्या फाटकाशी येऊन, टोपी हातात घेऊन, परत गेले. ते पत्र माझ्याकडे आहे.

गाणे एब्नरकाकांनी दिले नव्हते, ताई. मी दिले.

वाक्य लिहून झाले. पहिल्यांदा लिहिताना इथे शाईचा डाग पडला. तो तुला दिसणार नाही, कारण हे पान मी दुसऱ्यांदा लिहीत आहे.

तिसऱ्या शनिवारनंतर सोमवारी साहेब मला चर्चमध्ये भेटले. मी हार्मोनियमवर सराव करत होतो. माझी सुरांची वही बघून म्हणाले, एवढे स्वच्छ अक्षर कुठे शिकलास? मी म्हटले, शाळा अकराव्या वर्षी सुटली, बाकी इथेच. ते म्हणाले, लंडनला मला नकलनवीस हवा आहे. आणि मग, जरा वेळाने, तुझ्या वडिलांचे ते गाणे तुला येत असेल. मी दार लावून म्हटले. दोनदा म्हटले, कारण पहिल्या वेळी श्वास चुकला. त्यांनी मला अर्धा सॉव्हरिन दिला आणि मी तो घेतला. दहा शिलिंग. सूर मी बरोबर दिला होता, खालचा. साहेबांनी त्यांच्या खिशातल्या वहीत तो बरोबर टिपलाही. पुढे ती वही मीच पक्क्या शाईत उतरवली, म्हणून मला माहीत आहे.

छापताना तो त्यांनी वर नेला. मी विचारले तर म्हणाले, कानाला चूक वाटते, लोक हसतील. ज्या सुरासाठी ते लाइपझिग सोडून एवढे भटकले, त्या सुरापाशी येऊन त्यांना लाइपझिगचे गुरुजी आठवले. त्यांना इंग्लंडची माती हवी होती, पण बुटांना लागलेली नको होती.

नाताळात मी बाबांच्या शेजारी बसलो होतो आणि गप्प राहिलो. मला नोकरीची भीती होती आणि बाबांच्या काठीची होती. कुठली जास्त, ते ठरवता आले नाही.

या उन्हाळ्यात साहेबांनी ते गाणे मोठ्या वाद्यवृंदासाठी घेतले. महोत्सवात वाजायचे होते. मधल्या भागात आपले गाणे येते. तिथे खाली साथ नाही, सगळी तंतुवाद्ये आणि ओबो नावाचे एक फुंकवाद्य एकच ओळ वाजवतात. त्या ओळीच्या वह्या तेवीस. ऑगस्टमध्ये मी त्या उतरवल्या आणि प्रत्येकीत तो सूर अर्धस्वर खाली लिहिला. प्रत्येक वही पट्टी ठेवून तीनदा तपासली. चूक एका ठिकाणी होते, ताई. तेवीस ठिकाणी एकसारखी होत असेल तर तिला दुसरे नाव असते.

तालमीत पकडले जाईन असे वाटत होते. पण महोत्सवाच्या तालमीचा सगळा वेळ तीनशे गाणाऱ्यांच्या मोठ्या भजनाने खाल्ला आणि साहेबांच्या वाट्याला पंचवीस मिनिटे आली. त्यात त्यांनी फक्त शेवट बसवून घेतला, कारण तिथे कर्णेवाले घसरत होते.

गुरुवारी, सात तारखेला, दुपारी ते वाजले. मी वर, खांबाआड उभा होतो. दुसऱ्या ओळीचे टोक आले आणि सगळे खाली उतरले. साहेबांची ताल द्यायची छडी हवेत क्षणभर अडकली. ताई, ते बाबाच होते. एवढे मोठे बाबा मी कधी ऐकले नव्हते.

बाहेर आलो तर दाराशी एब्नरकाका. रविवारचा काळा कोट, गळ्यात मफलर, हातात उरलेला पाव. आपल्यावर जे चोरल्याचा आळ आहे ते एकदा ऐकावे म्हणून स्वस्तातल्या गाडीने आले होते. मला बघून काही वेळ चावत राहिले. मग म्हणाले, "खाली उतरला रे तो सूर."

मी हो म्हटले.

"मला तर तिथं जाताच येत नाही. म्हणजे मी दिलेलं नाही." त्यांनी पाव कागदात गुंडाळला. "तुझ्या बापाच्या, जाबेझच्या, घरातल्याच कुणीतरी दिलं. केझीला तर गाता येत नाही, कोंबडीसारखा गळा तिचा."

ते म्हणाले, "मी सांगणार नाही. मी सांगितलं तर चुगली होईल. तू सांग." आणि गाडी चुकेल म्हणून निघून गेले. तुझ्या गळ्याबद्दलचे त्यांचे शब्द मी जसेच्या तसे दिले आहेत. राग मानू नकोस.

एका वर्तमानपत्राने लिहिले की मधल्या भागात वादक रस्ता चुकले. म्हणून हा कागद. परवा शनिवारी साहेबांनी मला घरी बोलावले. ओरडले नाहीत. चहा दिला. मी त्यांना सांगितले की आमच्याकडे गाणे माणसाचे असते. तो जिवंत आहे तोवर गुत्त्यात दुसरा कुणी त्या गाण्याला तोंड लावत नाही. हे ऐकून त्यांना वाईट वाटले, खोटे सांगत नाही. ते म्हणाले, "थर्टल, मी चोरलं नाही. मरणारं गाणं मी वाचवलं."

मी म्हटले, "साहेब, ते मरत नव्हतं. दर शनिवारी गायलं जात होतं. आता थांबलंय."

त्यांनी माझा कप पुन्हा भरला. मग म्हणाले, सही कर, पुढच्या छपाईत बघू. मी विचारले, पुढच्या छपाईत सूर खाली येईल का? ते म्हणाले, बघू. मी कप बशीत ठेवला, आवाज न करता, आणि टोपी घेतली. आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या साहेबाच्या आधी उठलो.

सही केली तर तो सूर चूक ठरतो. तो चूक ठरला की वरचा सूर खरा ठरतो आणि वरचा सूर एब्नरकाकांचा. माझ्या एका सहीने ते जन्मभर दाराशी बसतील. आणि दुसरे असे की मी चूक केलेलीच नाही. मला घाबरट म्हणा, चोर म्हणा, दोन्ही खरे आहे. निष्काळजी कुणी म्हणायचे नाही.

कागद मी सही न करताच परत पाठवत आहे. सोबत त्यांच्या खिशातल्या वहीच्या त्या पानाची नक्कल, खालच्या सुरासकट, त्यांनी टाकलेल्या तारखेसह. एक नक्कल त्या वर्तमानपत्रालाही.

आता हे पत्र बाबांना वाचून दाखव. पहिल्या ओळीपासून, काही न गाळता. कोंबडीचेही. त्यांना मला घरात घ्यायचे नसेल तर मी मिस पेगच्या शाळेच्या पडवीत झोपेन, पण शनिवारी 'थ्री हेरिंग्ज'मध्ये येणार. खिडकी आणि दार यांच्या मधोमध उभा राहून सगळ्यांदेखत सांगणार की मी दिले. त्यानंतर बाबांनी काठी उचलली तरी चालेल. मात्र आधी त्यांनी एब्नरकाकांना खिडकीपाशी बोलवायचे. ही विनंती नाही.

हिशेब खाली देतो, तू नेहमी मागतेस म्हणून.

थर्लस्टनसाहेबांना परत, गाण्याचे: दहा शिलिंग.
टपाल, तीन पाकिटे: तीन पेन्स.
गावी यायला यारमथपर्यंतचे तिसऱ्या वर्गाचे तिकीट: दहा शिलिंग दोन पेन्स.
मिसेस डॅगेटचे एका आठवड्याचे देणे: साडेसहा शिलिंग. ती म्हणते नंतर पाठव, मी म्हटले आजच घ्या.
हातात शिल्लक: एक शिलिंग चार पेन्स.
एब्नरकाकांना देणे: बेचाळीस शनिवार. त्रेचाळिसावा मी येतो तो.

तुझा भाऊ,
रूबेन थर्टल
(ही सही मी केली आहे.)