मिक्सरवरचं माझं कुलूप

१६ सप्टेंबर, सोमवार

काय समजतो काय स्वतःला! मकरंद. आमचा नवा प्रॉडक्शन मॅनेजर, पुण्याहून आलेला. पुट्टीचा मोठा मिक्सर मधेच अडकला, गिअरबॉक्स गेला. मी मेन स्विच पाडला, त्याला माझं कुलूप घातलं, किल्ली खिशात. चहाला बसलो तर हा बोंबलत आला — "काका, किल्ली टेबलावर ठेवायला काय होतं?"

सांगितलं, ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. आत उतरणाऱ्या प्रत्येकानं स्वतःचं वेगळं लावायचं. तर सगळ्यांसमोर म्हणतो, "मग आयुधपूजेला कुलपालाच हार घाला!"

सगळे फिदीफिदी हसले. माझ्या हाताखालचा मंजुनाथसुद्धा! बघून घेतो एकेकाला.

१७ सप्टेंबर

जेवण गेलं नाही. अलका म्हणाली, "सोडा हो, स्वल्प दमानं घ्या." दमानं! ही जन्मभर दमानंच घेत आली, म्हणून अजून जे. पी. नगरात भाड्यानं राहतोय आम्ही.

१९ सप्टेंबर, गुरुवार

सुचलं!

दुसऱ्याचं कुलूप कापलं की नोकरी गेली — मालकांनी स्वतः सगळ्यांना बजावलंय. गिअरबॉक्सचं काम आज दुपारीच संपलं. कुणाला बोललो नाही. कुलूप तसंच ठेवलं आणि उद्याची रजा टाकली. शनिवारी माल जायचाय. कटर मुद्दाम स्विचशेजारी विसरलोय.

काप लेका!

त्याची बायको सिद्धी गरोदर आहे म्हणे. असू दे की. बाळंतपणाला माहेरी जातातच, नवऱ्यालाही घेऊन जाईल.

२० सप्टेंबर, शुक्रवार

मज्जा! सकाळपासून फोन खणखणतोय. आधी "काका, कुठे आहात?" मग "चंद्रकांतराव". दुपारी तर थेट "सर, प्लीज" — "आतली पुट्टी दगड होतेय, काम किती राहिलंय तेवढं तरी सांगा." वाचलं. पुन्हा वाचलं. उत्तर दिलं नाही. अलकाच्या हातचे पोहे दोनदा मागून खाल्ले.

अलका म्हणाली, "उचला तरी. माणूस गयावया करतोय."

करू दे! मला हसताना कुठं दया आली होती त्याला?

२१ सप्टेंबर, सकाळी

निघतो. इस्त्रीचा शर्ट घातलाय. कापलेल्या कुलपाचा फोटो काढायचा आणि सरळ मालकांना पाठवायचा. संध्याकाळी येताना पेढे आणीन!

२३ सप्टेंबर

मकरंद गेला.

कुलूप शाबूत होतं. कापलं नव्हतंच त्यानं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दातओठ खात काढलं आणि आत न डोकावता बटण दाबलं.

मंजुनाथ ओरडत धावत आला. हातात पहार होती, मकरंदनंच आणायला पाठवलेलं. सुकलेली पुट्टी फोडायला तो स्वतः मिक्सरमध्ये उतरला होता, मी आल्यावर वेळ जाऊ नये म्हणून. मंजुनाथ म्हणाला होता, "सर, तुमचं कुलूप लावा." तर मकरंद म्हणाला,

"काका का ताला है ना. वो बिना देखे कभी नहीं खोलेंगे."