तीन मशिनं आणि एक कंबर

ती. सासूबाईंना,

तुमच्या जावयाचा कमरेतून वाकून नमस्कार. (आमच्या घरात सध्या वाकायची परवानगी फक्त मला आहे, त्यामुळे दोघांच्या वतीने मीच वाकतो आहे.) तुमचा गुडघा गप्प असेल, डोळ्यांतले थेंब तुम्ही वेळेवर घालत असाल आणि वरच्या मजल्यावरच्या बाई अजूनही तुमच्या बाल्कनीत पाणी सांडत असतील, असं गृहीत धरून पुढे लिहितो. फोनच केला असता, पण तुम्ही मायलेकी फोनवर एकदा सुरू झालात की माझी पाळी येईपर्यंत बॅटरी संपते. शिवाय हे पत्र मी तुमच्या लेकीच्या अपरोक्ष लिहितो आहे. ती आत आडवी झाली आहे. निदान मी शेवटचं डोकावलो तेव्हा तरी झालेली होती.

झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. कपाटाखालची फरशी पुसायला म्हणून बाईसाहेब खाली गेल्या त्या वर आल्याच नाहीत. डॉक्टरांनी टेबलावरचा प्लॅस्टिकचा कणा हातात घेऊन दाखवलं की दोन मणक्यांमधली गादी सरकली आहे, दोन महिने अजिबात वाकायचं नाही, पुन्हा सरकली तर ऑपरेशन. यावर तुमच्या लेकीने काय विचारावं? फरशी पुसण्यापुरतं वाकलं तर चालेल का! डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. नवऱ्याकडे पाहायची ती नजर मी ओळखतो. त्या दिवसापासून झाडू-फडकं मी हातात घेतलं, आणि सासूबाई, तुमच्यापासून काय लपवायचं, मी पुसलेली फरशी वाळली की तिच्यावर नद्या आणि खाड्या दिसायला लागतात. खुर्चीत बसून ती मला कोपरे दाखवायची. मी कामावर गेलो की ती तेच कोपरे परत पुसत असणार, असा मला दाट संशय होता. म्हणून ठरवलं की आपोआप झाडणारं-पुसणारं मशीन आणायचं. मशीन तरी तिच्यापुढे माझ्यासारखी लाज घालवणार नाही, असं वाटलं.

आता मशीन निवडणं म्हणजे काय गंमत वाटली का तुम्हाला? मला वाटली होती. माझं काम दुकानोदुकानी जाऊन वजनकाटे तपासायचं, मला पाहिलं की वाणी आधी काट्याचं तबक पुसतो आणि मग चहा मागवतो. त्यामुळे दुकानातला विक्रेता जेव्हा म्हणाला की या मशीनची ओढायची ताकद अमुक हजार पास्कल, तेव्हा मी साहजिकच विचारलं की मोजली कुणी, कशाने आणि शेवटची कधी तपासली. तो पाणी प्यायला गेला. परत आल्यावर त्याने वेगळ्या वाटेने सुरुवात केली. घरात केस फार गळतात का? मी म्हटलं, गळायचे, आता गळायला राहिलेत कुठे. घरात गालिचा आहे का, दारांना उंबरे किती, पलंगाखाली जागा किती? इथे मात्र मी खिशातून चिठ्ठी काढली, कारण सगळ्या फर्निचरच्या खालच्या उंच्या मी मोजूनच नेल्या होत्या. (सोफ्याखाली तीन ठिकाणी तीन उंच्या निघाल्या. सोफा मधेच खाली बसला आहे, तो कुणामुळे, यावर घरात दुमत आहे.) त्याने तीन मशिनं दाखवली. एक आंधळं, आपटत-धोपटत जाणारं आणि मागे ओलं फडकं ओढत नेणारं. दुसरं लेझरने बघणारं, घराचा नकाशा काढणारं. तिसरं तर स्वतःचं छोटं घर सोबत घेऊन आलेलं, काम झालं की त्यात जाऊन आपलं फडकं आपणच धुणारं आणि गरम हवेने वाळवणारं. आपलं फडकं आपण धुणारा जीव आमच्या घरात आजवर माझ्या रूपानेसुद्धा झाला नव्हता! पण आपल्याला सवय आधी स्वस्तातलं बघायची, म्हणून आंधळं आणलं.

ते आंधळं पहिल्याच दिवशी पलंगाखाली वायरीत अडकलं. आणि अडकल्यावर काय करावं, तर गोड बाईच्या आवाजात हाका मारायला लागलं, मी अडकले आहे, मला मदत करा. मी कामावर. घरात माणूस एकच, आणि तिला वाकायची मनाई. मग काय, गेली खाली. संध्याकाळी मला अभिमानाने सांगते कशी, अहो, बिचारं केव्हाचं ओरडत होतं. हिने वाकू नये म्हणून जे आणलं त्याच्यासाठीच ही पोटावर झोपली होती! त्यात भर म्हणजे, मशीनच्या पोटातला धुळीचा डबा मी कामावरून घरी आणलेल्या नाजूक काट्यावर ठेवला तर आत नावालाही धूळ नाही. नुसता हाका मारणारा आणि काम न करणारा एक मी आहेच की घरात. दुसऱ्या दिवशी मशीन दुकानात परत.

मग दुसरं आणलं. हे मात्र शहाणं, कुठे आपटत नाही, वायर दिसली की वळसा घालतं. त्याने मोबाइलवर घराचा नकाशा काढला आणि तो पाहून माझा दिवस सोन्याचा झाला, कारण बिल्डरने आम्हाला विकलेला हॉल आणि मशीनला सापडलेला हॉल यांत अख्ख्या कपाटाचा फरक निघाला. (याबद्दल मी बिल्डरला वेगळं पत्र लिहितो आहे, त्यात नमस्कार नाही.) पण डबा उघडला तर पुन्हा तेच. रिकामा. पुसायचं फडकं तर दुकानातून आणलं तसं पांढरं. आठवडाभर रोज वजन केलं, काटा काही हलेना. आता काटा खोटं बोलत नाही, या एका वाक्यावर माझी सगळी नोकरी उभी आहे. गेलो दुकानात. दुकानदाराने शांतपणे विचारलं, फरशी स्वच्छ असते का? मी म्हटलं, असते. मग तक्रार काय आहे? मी म्हटलं, डब्यात काहीच नसतं. तो म्हणाला, साहेब, काही घरं मुळात स्वच्छ असतात. मी म्हटलं, असतील, पण मी राहतो ते असणं शक्य नाही. आणि ते मशीन त्याच्यापुढे परत ठेवून मी तिसरं, ते घरदारवालं, उचलून आणलं.

यावेळी मी परीक्षाच घ्यायची ठरवली. कुंडीतली माती वाळवली, चाळली, बरोबर दोनशे ग्रॅम मोजली आणि सकाळी निघताना कुणाला पत्ता लागू न देता हॉलभर भुरभुरवली. संध्याकाळी येऊन बघतो तर फरशी लखलखीत. वा! धावत जाऊन डबा काढला, रिकामा. त्याच्या घरातली धुळीची पिशवी काढली, रिकामी. सासूबाई, माती हवेत विरत नाही हो! दोनशे ग्रॅम वस्तू गेली कुठे? मी पेचकस आणला, हॉलच्या मधोमध फतकल मारली आणि मशीन खोललं. (आत एक कागद निघाला, त्यावर लिहिलं होतं की मशीन खोलल्यास गॅरंटी संपेल.) तुमची लेक खुर्चीत बसून पुस्तक वाचत होती. पान काही उलटत नव्हती. मधेच म्हणाली, तुमच्या बुटांना आजकाल फार माती लागते हो. मला तरीही उजेड पडला नाही, याची नोंद घ्यावी. शेवटी हताश होऊन चहा केला, चोथा टाकायला कचऱ्याची बादली उघडली आणि आत, जुन्या कागदात नीट पुडी बांधलेली, माझी माती!

तेव्हा सगळं बाहेर आलं. बाईसाहेब रोज मी गेलो की अख्खं घर झाडायच्या, वर ओलं फडकं फिरवायच्या आणि मग मशीनचं बटण दाबायच्या. तीनही मशिनं बिचारी झाडलेल्या घरात नुसती फेरफटका मारून येत होती. मी विचारलं, का? तर म्हणते, ते कामाला येतं, आल्या आल्या त्याला घाण दाखवायची? आणि मग तुमचं वाक्य तोंडावर फेकलं, जे मी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ऐकलं होतं: दुसऱ्याच्या हाती घर द्यायचं तर आधी झाडून द्यावं, नाहीतर घराबरोबर अब्रूही त्याच्या हाती जाते. सासूबाई, मी ओरडलो. तुमच्या लेकीवर मी आवाज चढवला, हे तुम्हाला तिच्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं. मला राग आला होता, पण त्याहून जास्त मला भीती वाटली होती. ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर मी एकटा बसलोय आणि आत काय चाललंय ते मला कळत नाहीये, हे चित्र त्या पलंगाखालच्या प्रकारापासून माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. हे मी तिला तसंच सांगितलं. तिने पुस्तक मिटलं. मग म्हणाली, चहा गार झाला बघा.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. तिला खुर्चीत बसवलं, पाय स्टुलावर ठेवले आणि न झाडलेल्या फरशीवर मशीन सोडलं. (खोललेलं मी परत जोडलं होतं. एक स्क्रू उरला आहे, पण चालतं.) दाढ काढून घेताना माणूस बसतो तशी ती डोळे मिटून बसली होती. मशीन परत आलं, डबा उघडला, आणि काय सांगू, भरलेला! काटा दणकन खाली! मला इतका आनंद झाला की तो डबा मी तिच्या नाकाखाली धरला. ती म्हणाली, शी! मग म्हणाली, एवढं होतं? मग जरा वेळाने, कपाटाखाली पण गेलं होतं का हो? गेलं होतं, म्हटलं. आज चार दिवस झाले, झाडू दारामागे उभा आहे. सकाळी ती पाठ न धरता उठली. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर ऑपरेशनचं नाव काढायला नको. तेव्हा काळजीचं कारण नाही, सगळं मार्गी लागतं आहे.

तुमच्या घरी तुमच्याशिवाय कुणी नाही, तेव्हा लहानथोरांना सांगायचे नमस्कार-आशीर्वाद सगळे तुम्हीच ठेवून घ्या.

तुमचा,
अजून वाकता येणारा जावई

ता. क. सगळं मार्गी लागतं आहे असं वर लिहिलं खरं, पण पूर्ण लागलेलं नाही. आज दुपारी ती दारामागच्या झाडूकडे बघत उभी होती. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाली, आई या वयात खाली बसून अख्खं घर पुसते आणि मी इथे पाय वर करून बसू? आई थांबली तर मी थांबेन. सासूबाई, तिच्यापुढे माझं काही चालत नाही, डॉक्टरांचं चालत नाही, काट्याचंही चाललं नाही. चालतं ते तुमचं. तुम्ही फडकं खाली ठेवा, म्हणजे ती ठेवेल. पत्र लिहिलं ते एवढ्यासाठीच. ते वाक्य तुमचं आहे, ते परत घ्यायचं तर तुम्हीच घेऊ शकता.

ता. क. २. दुसरं मशीन, ते नकाशावालं, मी दुकानदाराची माफी मागून तुमच्यासाठी विकत घेतलं आहे. नको म्हणू नका, तो पुन्हा परत घेणार नाही, त्याने तसं हात जोडून सांगितलं आहे. तुमच्या पलंगाखाली ते मावतं. मागच्या खेपेला मी खाली वाकून चष्मा शोधत होतो तेव्हा खरं म्हणजे उंची मोजत होतो, सवय आहे. अडकलं तर ओरडू द्या. वाचवायला जायचं नाही.

ता. क. ३. पाकीट बंद करणार तोच मागून हात आला आणि तिने पत्र वाचलं. पूर्ण. ओरडल्याचं लिहिलंय ते बरं केलंत म्हणाली. मग बराच वेळ ती ता. क. घेऊन बसली आणि म्हणाली, आईला लिहा, मशीन येईल त्या दिवशी घर झाडायचं नाही. अजिबात नाही. फक्त वरची जळमटं तेवढी काढून ठेव म्हणावं, मशीन पहिल्यांदाच येतंय. तेव्हा सासूबाई, घर झाडू नका, आणि स्टुलावर तर मुळीच चढू नका. मशीन घेऊन रविवारी मी स्वतः येतो आहे. जळमटं मी काढीन.